दोन चंद्रांचा हिशेब

शनिवार, रात्री उशिरा

आजची दुपार मी मैत्रिणीच्या कथेतल्या चंद्राचा हिशेब मांडण्यात घालवली आणि ती मोठ्या समाधानात गेली. ज्या अद्भुतरम्य कादंबरीमालेच्या निमित्ताने आमची ओळख झाली, तिच्यातल्या जगाला माझ्या मैत्रिणीने आपल्या फॅनफिकमध्ये, म्हणजे त्या मालिकेवरून चाहती म्हणून लिहिलेल्या कथेत, एक जादा चंद्र बहाल केला आहे. थोरला चंद्र आपल्या चंद्राप्रमाणेच साडेएकोणतीस दिवसांनी पूर्ण होतो, धाकटा अकरा दिवसांनी. नव्या प्रकरणात नायिका थोरल्याच्या पौर्णिमेला गढीतून निसटते, नऊ दिवस मजल दरमजल करत नदीच्या उताराशी पोहोचते आणि तिथे पूर्ण चंद्राच्या लख्ख उजेडात पहारेकरी तिला ओळखतो. मी समासात लिहिले, की नवव्या रात्री थोरला चंद्र अर्ध्याहूनही कमी उरलेला असेल आणि उगवेल तोही मध्यरात्र उलटल्यावर. मग पहारेकऱ्याला चेहरा दिसला कसा? थोड्याच वेळात तिचे उत्तर आले, ‘मग धाकट्याला पूर्ण करू या.’ तेही करून पाहिले. पण नवव्या रात्री धाकटा पूर्ण हवा असेल, तर अकरा दिवसांच्या हिशेबाने तो सुटकेच्या दोनच दिवस आधीही पूर्ण झालेला असणार. म्हणजे निसटण्याच्या रात्री आकाशात एक पूर्ण आणि एक जवळजवळ पाऊण असे दोन चंद्र, आणि तटाखाली लपायला काळोख उरतच नाही.

बराच वेळ आमची भवति न भवति झाली. शेवटी तिने नदीचा प्रसंग काळोखातच घडवायचे ठरवले. आता पहारेकऱ्याला तिचा चेहरा दिसत नाही. घोडा पाण्यात उतरायला कचरतो, तेव्हा ती त्याच्या कानाशी हळूच जे दोन शब्द बोलते ते त्याला ऐकू येतात, आणि तेवढ्यावरून तो तिला ओळखतो, कारण बिथरलेल्या घोड्याशी असे बोलायला ती लहान असताना त्यानेच तिला शिकवलेले असते. हा धागा आधीच्या कोणत्याही मसुद्यात नव्हता. चंद्र आडवा आला म्हणून तो सापडला, आणि आता सगळे प्रकरण त्या दोन शब्दांभोवती उभे आहे. संध्याकाळी तिने दोन्ही चंद्रांच्या कलांचा एक तक्ता तयार करून आमच्या ग्रुपमध्ये टाकला, कारण तिच्या या जगात आणखीही काही जणी कथा लिहितात आणि त्यांनाही तो लागणार आहे.

आमच्यात या कामाला बीटा करणे म्हणतात. कथा वाचकांपुढे ठेवण्याआधी कोणीतरी ती बारकाईने वाचून द्यायची. शुद्धलेखन त्यात येतेच, पण बीटाचे खरे काम त्यापुढे सुरू होते. एखाद्या पात्राच्या तोंडी त्याला त्या वेळी ठाऊकच नसलेली गोष्ट आली आहे का, मूळ मालिकेत जो माणूस कधी कोणाची क्षमा मागत नाही तो इथे इतक्या सहज ती का मागतो, मालिकेत पक्क्या ठरलेल्या गोष्टी, म्हणजे कॅनन, जाणूनबुजून बदलल्या आहेत की नजरचुकीने बदलल्या गेल्या, हे सगळे विचारायचे. विचारायचे अशा रीतीने, की लिहिणारीला पुन्हा लिहायला बसावेसे वाटेल. हे जमायला वेळ लागतो आणि ज्यांना जमते त्यांना आमच्यात फार मान असतो.

आमची मैत्री या वाचनातून झाली आहे. एरवी माणसे आधी ओळखीची होतात, मग हळूहळू विश्वास बसतो आणि पुष्कळ काळाने कोणीतरी आपले अर्धवट, कच्चे असे काही दुसऱ्यापुढे ठेवते. इथे सुरुवातच कच्च्या मसुद्यापासून होते. ती दिसते कशी हे मला कळण्याच्या कितीतरी आधी मला हे कळले होते, की भीतीचा प्रसंग आला की तिची वाक्ये आखूड होतात, की कथेतल्या म्हाताऱ्या माणसांना मरू देणे तिला जड जाते आणि त्यांच्यासाठी ती शेवटच्या क्षणी काहीतरी वाट काढते. एका कथेत तिने आजाऱ्याच्या खोलीचे वर्णन केले होते. अंथरुणातला राजा झोपला आहे की झोपेचे सोंग घेतो आहे, हे त्याची मुलगी पांघरुणाच्या हालचालीवरून ओळखते, असा त्यात उल्लेख होता. मी ती ओळ वाचून थांबले, कारण असे काही पाहिल्याशिवाय सुचत नाही. समासात मी फक्त एवढेच लिहिले, की इथे एका शब्दालाही हात लावू नकोस. तिच्या वडिलांच्या दीर्घ आजाराविषयी तिने मला पुष्कळ नंतर सांगितले आणि सांगताना म्हणाली, ‘तुला ते तेव्हाच कळले होते, हे मला माहीत होते.’

आमचे रोजचे दिवस बाहेरून पाहणाऱ्याला अगदी साधे वाटतील. आम्ही निरनिराळ्या देशांत राहतो, त्यामुळे कोणाची सकाळ तर कोणाची मध्यरात्र असते आणि ग्रुप असा पूर्ण निजत कधीच नाही. मी उठते तेव्हा रात्रीतून झालेला एखादा वाद वाचायला मिळतो. तो बहुधा फार गंभीर असतो: ड्रॅगनला थंड प्रदेशात झोप लागते का, शपथ मोडली तर जादू जाते की शपथ घेतानाच ती अर्धी गेलेली असते, धाकट्या राजपुत्राने सही केली ती धाकाने की मनापासून. मूळ पुस्तकांत जिथे मोकळी जागा आहे, तिथे प्रत्येकीने आपल्या मनाशी काहीतरी ठरवलेले असते, त्याला हेडकॅनन म्हणतात, आणि दुसरीचे हेडकॅनन पटले नाही तरी ते समजून घेण्यात आमचा बराच वेळ आनंदात जातो. संध्याकाळी कोणीतरी स्प्रिंट लावते. ठरलेली मिनिटे सगळ्यांनी गप्प राहून लिहायचे आणि वेळ संपली की किती शब्द झाले ते सांगायचे. ज्या दिवशी माझ्याकडून काहीच उतरत नाही, त्या दिवशीही इतर जणी त्याच वेळी आपापल्या मेजाशी बसून लिहीत आहेत, हे कळण्याचा मोठा आधार वाटतो. कोणाला कथा लिहिण्याइतकी उसंत नसेल, तर ती ड्रॅबल लिहिते. नेमक्या शंभर शब्दांत कथा बसवायची हा प्रकार १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींत रूढ झाला आणि तो आजही तितकाच अवघड आहे.

वादांचे सगळेच प्रकार गोड नसतात. नायिकेने कोणाबरोबर असावे यावरून आमच्यात दोन तट आहेत आणि मालिकेचा नवा भाग आला की दोन्हीकडची माणसे दुखावली जातात. मॉडरेटरचे, म्हणजे ग्रुपवर लक्ष ठेवून वाद आवरणारीचे, काम अशा वेळी फार थकवणारे असते. आमच्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या सभासद, ज्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो, त्या हे काम करतात. पात्राविषयी वाटेल ते बोला, पण ते पात्र आवडणाऱ्या माणसाविषयी बोलू नका, हा त्यांचा एकच नियम आहे आणि तो त्या कोणाच्याही बाबतीत शिथिल करत नाहीत. नवे पुस्तक आल्यावर स्पॉयलर, म्हणजे कथानक आधीच फोडणारे तपशील, झाकून ठेवायची मुदतही त्याच ठरवतात, कारण सर्वांना पुस्तक एकाच दिवशी विकत घेता येतेच असे नाही. मला हे सौजन्य फार मोलाचे वाटते.

मागच्या वर्षअखेरीस घडलेली एक गोष्ट मला इथे लिहून ठेवायची आहे. यूलटाइड नावाची एक देवघेव २००३ पासून दरवर्षी होते. ज्यांवर फारसे कोणी लिहीत नाही अशा साहित्यकृतींसाठी ती आहे. आपल्याला काय वाचायला आवडेल आणि आपण काय लिहू शकू हे कळवायचे, मग कोणा अनोळखी वाचकासाठी किमान एक हजार शब्दांची कथा भेट म्हणून लिहायची आणि आपल्यालाही तशीच एक मिळते. कथा २५ डिसेंबरला उघड होतात, लेखकांची नावे मात्र १ जानेवारीला. मधला आठवडा सगळे जण अंदाज बांधण्यात घालवतात. मला आलेल्या कथेत तिसऱ्याच परिच्छेदात दोन शत्रू तहाची बोलणी करायला बसण्याआधी एकाच भांड्यात हात धुतात. माझी मैत्रीण कोणत्याही गंभीर संभाषणाआधी आपल्या पात्रांना हात धुवायला लावते. का, ते तिलाही सांगता येत नाही. मी तिला काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही, आणि तो सगळा आठवडा ती माझ्याशी इतर विषयांवर अतिशय जपून बोलत राहिली. १ जानेवारीला कथेवर तिचे नाव झळकले. मला इतक्या नेमकेपणाने ओळखून कोणी काही दिल्याचे दुसरे उदाहरण मला सुचत नाही.

कधीही न भेटलेल्या माणसांशी असलेल्या नात्याला मैत्री म्हणावे का, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. म्हणावे, असे माझे स्वच्छ मत आहे. एकमेकींना वेळ देणे, खरे बोलणे, दुसरीचे दुःख न सांगता ओळखणे आणि ते चारचौघांत न बोलणे, हे सगळे इथे घडते आणि रोज घडते. उणीव आहे ती वेगळीच आणि ती मला अलीकडे फार जाणवते. आमच्यापैकी एखादी अचानक नाहीशी झाली, तर आम्हाला कळवणार कोण? तिच्या घरच्यांना आमची टोपणनावेही ठाऊक नसतात. शिवाय आमचे लेखन ज्या ठिकाणी असते ती ठिकाणेही टिकतातच असे नाही. मे २००७ च्या अखेरीस लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळाने शेकडो खाती एका झटक्यात बंद केली. बंद झालेल्या नावांवर आडवी रेघ दिसे आणि त्यांत चाहत्यांची कितीतरी खाती होती. २००९ मध्ये जिओसिटीज हे फुकट वेबपाने उभारू देणारे संकेतस्थळ बंद झाले, तेव्हा चाहत्यांनी हौसेने उभारलेली असंख्य पाने गेली. त्या दिवसांतून गेलेल्या ताई अजूनही आपल्या प्रत्येक कथेची प्रत तीन ठिकाणी ठेवतात आणि आम्हालाही ठेवायला लावतात.

आपले लेखन आपल्याच मालकीच्या जागेत असावे, हा विचार त्याच काळात बळावला. २००७ मध्ये चाहत्यांनीच ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि तिचा आर्काइव्ह ऑफ अवर ओन हा चाहत्यांच्या कथांचा ऑनलाइन संग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तिथे जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून चालतो आणि लेखकांनी आपल्या मनाने लिहिलेले नाना तऱ्हेचे टॅग, म्हणजे कथा शोधायला लागणारे खुणेचे शब्द, एकमेकांशी जुळवून देण्याचे किचकट काम स्वयंसेवक करतात. २०१९ मध्ये या संग्रहाला ह्यूगो हा विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य साहित्याचा मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना तो आपल्याच घरी आल्यासारखे वाटले. पण मला त्यातली सर्वांत मोठी वाटते ती एक लहानशी सोय. दोन सभासदांनी आपसांत ठरवून संस्थेला तसे कळवले, तर एकीचा मृत्यू झाल्यास किंवा ती कायमची असमर्थ झाल्यास तिचे खाते दुसरीच्या हाती दिले जाते. घरच्या वारसाशी या वारसाचा संबंध असायलाच हवा असे नाही. माणूस काय लिहीत होता आणि त्याचे काय व्हावे असे त्याला वाटत होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी ही सोय आहे.

आज चंद्राचे काम संपल्यावर तिने मला विचारले, की तिच्या लेखनासाठी वारसाचे हे काम मी करीन का. तिची प्रकृती उत्तम आहे, घाबरण्यासारखे काही नाही. वडील गेल्यावर त्यांची कागदपत्रे आवरताना तिच्या मनात हे आले होते, इतकेच. मी लगेच होकार दिला आणि मग आम्ही तपशील ठरवायला बसलो. जुन्या, तिला आता न आवडणाऱ्या कथांवरून फक्त तिचे नाव काढायचे, कथा तशाच ठेवायच्या. त्या संग्रहात तशी व्यवस्था आहे आणि अशा कथा नावावाचून वाचकांसाठी उरतात. त्या कोणाच्या तरी आवडीच्या असतील, त्यामुळे पुसून टाकायच्या नाहीत, यावर ती ठाम होती. वाचकांच्या अभिप्रायांना शक्य तोवर उत्तरे द्यायची. दोन चंद्रांची दीर्घकथा अपुरी राहिली, तर ती मी पूर्ण करायची नाही. मात्र पुढे काय होणार होते ते शेवटच्या प्रकरणाखाली थोडक्यात लिहायचे. याच मुद्द्यावर आमचा थोडा वाद झाला, कारण थोडक्यात लिहायचे तर शेवट मला आजच कळायला हवा, आणि एक वाचक म्हणून मला तो कळायला नको होता. पण जबाबदारी घ्यायची तर अर्धवट घेता येत नाही. तिने शेवटाचा आराखडा पाठवला आणि मी तो पूर्ण वाचला. पहारेकऱ्याचे काय होते ते आता मला माहीत आहे, आणि पुढची प्रकरणे तपासताना ते मला सतत मनात ठेवून वाचावे लागणार आहे. नदीच्या प्रसंगातले ते दोन शब्द शेवटी पुन्हा यायला हवेत, असे मला वाटते. हे तिला उद्या सकाळी लिहायचे आहे.

माझ्या खात्यासाठी मी तिचेच नाव देणार आहे. त्याआधी माझ्या अपुऱ्या कथांची यादी करून तिला द्यायला हवी, कारण त्यांतल्या काही तिने अजून वाचलेल्याच नाहीत, आणि त्यांचे शेवट मला स्वतःला तरी नीट ठरवावे लागतील.