साक्षीदार स्वतःहून सांगते की…

चार वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून तपासलेल्या मुलीच्या खटल्यात परवा साक्ष दिली. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ३५ प्रमाणे खटला शक्यतो वर्षभरात संपायला हवा. तपासलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. मधल्या काळात माझ्याच दोन बदल्या झाल्या.

आदल्या रात्री स्वतःचा अहवाल वाचून काढला. फॉर्म इंग्रजीत छापलेला, पण हकिगत मी मराठीतच लिहिते: मुलाच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत, आणि मी काय विचारलं तेही. "आज दवाखान्यात कशाला आलीस गं?" एवढाच माझा प्रश्न. पुढची तीन वाक्यं तिची, तिच्या बोबड्या शब्दांसकट. आमच्यातले पुष्कळजण त्या रकान्यात 'हिस्टरी ऑफ असॉल्ट' एवढंच खरडून सही ठोकतात. लेकराचं बोलणं तिथेच संपतं, याची मला चीड येते. उद्या कोणी "आईनं पढवलंय" म्हणालं, तर त्याला उत्तर त्या तीन वाक्यांत असतं.

बचावाच्या वकिलांनी त्या वाक्यांना हातच लावला नाही.

"डॉक्टर, जखम होती?"

"नव्हती, पण…"

"हो की नाही, तेवढंच सांगा."

न्यायाधीशांनी मजकूर सांगितला, लघुलेखकाने टंकला: "हे म्हणणे खरे आहे की, पीडितेच्या अंगावर कोणतीही जखम आढळून आली नाही."

मुलीला माझ्याकडे आणलं घटनेनंतर नवव्या दिवशी. गुप्तांगाचा नाजूक भाग तोंडाच्या आतल्या अस्तरासारखा. बारीक ओरखडा काही दिवसांत मागमूस न ठेवता भरून येतो. शिवाय कित्येक अत्याचारांत जखम होतच नाही. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही जखम असायलाच हवी असं मानत नाहीत. हे सरतपासातच, म्हणजे सरकारी वकिलांच्या सुरुवातीच्या प्रश्नांतच, माझ्याकडून काढून घ्यायला हवं होतं. त्यांनी ते विचारलं नाही, बचावाच्या प्रश्नांनंतर पुन्हा विचारायची संधी असते तो फेरतपासही घेतला नाही. शेवटी मीच खुलाशाची परवानगी मागितली. एक वाक्य उतरलं: "साक्षीदार स्वतःहून सांगते की, जखम नसल्याने अत्याचार झालाच नाही असे म्हणता येत नाही."

स्वतःहून! ज्यासाठी मला समन्स काढून बोलावलं, तेच मी न विचारता बोलले अशी नोंद झाली. आणि त्या वाक्यात नऊ दिवस कुठेच नाहीत. तारखा अहवालात आहेत, पण वजाबाकी करून कोण बघणार? जबाब वाचताना ते माझ्या ध्यानात आलं होतं. "नववा दिवस एवढं तरी घाला" म्हणायला हवं होतं. तेवढ्यात पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, आणि मी सही केली.