एलिफंट सीलच्या पिल्लांना पोहायला शिकवतं कोण?

कॅलिफोर्नियात हायवे वनवर सॅन सिमियनच्या थोडं उत्तरेला पिएद्रास ब्लांकास म्हणून किनारा आहे, जानेवारीच्या शेवटी तिथे वाळू दिसत नाही इतके एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाच्या नरांमुळे हे नाव पडलेले अवाढव्य समुद्री प्राणी) पडलेले असतात. तिकीट नाही, बुकिंग नाही, पार्किंगला लागूनच लाकडी बोर्डवॉक, त्यामुळे आईबाबांनाही आरामात बघता आलं. 1990 साली इथे पहिल्यांदा मोजके सील आले आणि पहिलं पिल्लू जन्मलं 1992 ला!

जन्मतः पिल्लू तीसेक किलोचं, काळं, अंगावर सगळ्या सुरकुत्या, आणि चरबी नसल्यामुळे धड पोहता येत नाही. वादळात भरती वर चढली की कितीतरी पिल्लं वाहून जातात. त्यात दोन-दोन टनांचे नर भांडत सुटले की मध्ये कोण आलंय ते बघतसुद्धा नाहीत, पिल्लं चिरडली जातात. तिथे निळ्या जॅकेटमधले व्हॉलंटियर असतात, ते सगळं समजावून सांगतात पण मध्ये कोणी पडत नाही. मला ते बघवत नव्हतं, खरंच.

पण दूध पिणारी पिल्लं बघत बसावीत! जन्मल्याबरोबर आई आणि पिल्लू एकमेकांना हाका मारतात आणि मग त्या एवढ्या गोंगाटात आवाजावरून, वासावरून ओळखतात. दूध बासुंदीपेक्षा दाट, शेवटी शेवटी त्यात निम्म्याहून जास्त फॅटच असतं. चार आठवड्यांत पिल्लू शंभर किलोच्या वर जातं आणि आई तेवढे दिवस काहीच खात नाही, नुसती वाळत जाते. मग एक दिवस उठून समुद्रात निघून जाते ती कायमचीच.

माझी आई म्हणाली, "अगं, मग त्याला शिकवतं कोण?" कोणीच नाही! दूध तुटलेली पिल्लं घोळक्याने पडून राहतात, दोन-अडीच महिने पोटात काही नाही, आईने दिलेल्या चरबीवरच जगायचं. काळी लव गळून चंदेरी येते, संध्याकाळी-रात्री उथळ पाण्यात डुंबत, श्वास रोखत आपापलं शिकतात. एप्रिलच्या आसपास एकेकटी निघतात, आणि पहिलं वर्ष निम्मीसुद्धा काढत नाहीत.

लोक त्या आईला निर्दय म्हणतात, मला नाही पटत. महिनाभर उपाशी राहून होतं नव्हतं ते सगळं तिने पिल्लाला दिलेलं असतं, आता खायला गेली नाही तर तीच मरेल.

मुलांकडे इकडे येणार असाल तर बाळंतपणं बघायला जानेवारी, आणि ही पोरकी गुबगुबीत पिल्लं पाण्यात धडपडताना बघायची तर मार्च.