रिकाम्या लेनवर विश्वास ठेवू नका

लॅबमध्ये नवीन असताना मी एक रिपोर्ट जवळजवळ चुकीचा पाठवला होता, आज त्याबद्दल लिहितो. एका मेलेल्या गाईच्या लिम्फ नोडचं सॅम्पल होतं, पोस्टमॉर्टेमला गाठ कापताना सुरीखाली वाळूसारखी खरखर झाली म्हणे, आणि आयएस६११० ची (टीबीच्या जंतूंच्या डीएनएतली एक खूण) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या कॉपी काढून तो शोधायची टेस्ट, ती पण पॉझिटिव्ह, म्हणजे टीबी नक्की. पण कुठला टीबी?

माणसाचा ट्युबरक्युलोसिस, गाईचा बोव्हिस, शेळीचा कॅप्रे, शिवाय ऑरिगिस, आफ्रिकानम ही सगळी टीबीच्या जंतूंच्या एकाच कुटुंबातली भावंडं. डीएनए ९९.९ टक्क्यांहून जास्त सारखा, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली बघून काही कळत नाही, सगळ्या लाल काड्याच. कल्चर लावलं, म्हणजे जंतू वाढवायला ठेवले, तर आठवडेच्या आठवडे थांबा, त्यात बोव्हिसला ग्लिसरॉलवर नीट वाढता येत नाही, त्याला पायरुव्हेट घालून द्यावं लागतं. २००३ मध्ये बोव्हिसचा पूर्ण जीनोम आला तेव्हा दिसलं की माणसाच्या टीबीपेक्षा याच्यात नवीन असं जवळजवळ काहीच नाही, उलट बरंच काही गळून गेलंय. या गळालेल्या तुकड्यांना आरडी म्हणतात. आरडी४ हा जवळपास १२,७०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा बोव्हिसमध्ये नसतो आणि माणसाच्या टीबीत असतो.

मी काय केलं, आरडी४ च्या आतले प्रायमर (कॉपी कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावले. जेलवर, जिथे कॉपी आकारानुसार पट्ट्या (बँड) होऊन दिसतात, ती लेन (त्या सॅम्पलची रांग) कोरी. झालं, बोव्हिस, म्हणून मी रिपोर्ट टाइप करायला पण बसलो! मॅडम मागून आल्या, जेलचा फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "अरे, पीसीआर चाललीच नसेल तर काय दिसेल?" हेच दिसेल ना, कोरी लेन. आणि टिश्यूमधून काढलेल्या डीएनएत पीसीआर अडवणारी घाण हमखास येते.

मग मॅडमनी तीन प्रायमरवाली पद्धत करायला लावली. यात दोन प्रायमर तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आणि एक आत. आरडी४ असेल तर १७२ बेसचा बँड येतो, नसेल तर दोन्ही टोकं जवळ येऊन २६८ चा. नसलं तरी बँड येतोच, आणि गंमत म्हणजे नसल्याचा बँड असल्यापेक्षा मोठा. आरडी९ (दुसरा असाच तुकडा, माणसाच्या टीबीत असतो, वरच्या बाकी भावंडांत नसतो) चं उलटं, असेल तर २३५, नसेल तर १०८. आणि बोव्हिसचा कंट्रोल (ताडून बघायला माहितीतला नमुना) म्हणून बीसीजी या टीबीच्या लशीचा डीएनए, कारण बीसीजी म्हणजे काल्मेट आणि ग्वेरिन यांनी वर्षानुवर्षं बटाट्यावर वाढवून मवाळ केलेला बोव्हिसच, फक्त त्याचा आरडी१ पण गेलेला.

डीएनए परत स्वच्छ करून, पातळ करून लावला. आरडी९ ला १०८ आला, म्हणजे माणसाचा टीबी नाही. आरडी४ ला मात्र १७२!! म्हणजे जो तुकडा गायब म्हणून मी बोव्हिस लिहिणार होतो तो तिथेच होता. बोव्हिस पण नाही. ऑरिगिस असावा असं मॅडमचं मत पडलं, पण नुसत्या या दोन बँडवरून कॅप्रे आणि ऑरिगिस वेगळे काढता येत नाहीत, त्यासाठी जायर-बी जीनचं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं) लागतं.

ऑरिगिस आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. वेल्लोरला माणसांच्या ९४० कल्चर बघितल्या, त्याचा पेपर २०२० मध्ये आला, त्यात ७ ऑरिगिस निघाले आणि गुरांकडून आलेला बोव्हिस एकही नाही. सगळे बोव्हिसच शोधत बसलेत. आणि जीनएक्सपर्ट काय, गोव्यात बनणारं ट्रूनॅट काय, टीबी तपासणारी ही दोन्ही मशीन 'एमटीबी (टीबीच्या कुटुंबातला जंतू) आहे' एवढंच सांगतात, भावंडांपैकी कोण ते नाही. पेशंटसाठी हा फरक छोटा नाही, बोव्हिसवर पायराझिनामाइड ही टीबीची गोळी चालत नाही (पीएनसीए जीनमधल्या एका अक्षरामुळे), आणि आपल्या पहिल्या दोन महिन्यांच्या कोर्समध्ये ती गोळी असतेच.

गाईच्या मालकाचा फोन आला तेव्हा मी जरा शहाणपणानेच सांगायला लागलो की दादा, हा गाईवाला बोव्हिस नाहीये. ते म्हणाले, "गाईत निघाला तरी गाईचा नाही?" मग म्हणलं ते राहू द्या, दूध उकळूनच प्या, बाकीच्या जनावरांची मानेत इंजेक्शन देऊन करतात ती टीबीची टेस्ट करून घ्या, आणि घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का? थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, आईला आहे.