बिलेटचे कर्ण जुळेपर्यंत: माझा अनुभव

पुण्याजवळच्या एका मिश्रपोलादाच्या कारखान्यात मी कंटिन्युअस कास्टिंग मशीनवर, म्हणजे वितळलेलं पोलाद सलग ओतून गोठवणाऱ्या यंत्रावर काम करतो. आमची 160 मिमी चौरस बिलेटं (पोलादाचे लांब चौकोनी तुकडे) रोल होऊन भोसरी-चाकणच्या फोर्जिंगवाल्यांकडे जातात आणि त्यांचे क्रँकशाफ्ट, अ‍ॅक्सल घडतात. उन्हाळा तापला की आमच्या एका स्ट्रँडवर (मशीनमधून बिलेटच्या ज्या ओळी निघतात त्यातल्या एकीवर) बिलेटं तिरकी यायला लागायची. चौकोनाचा पार शंकरपाळा. दोन कर्णांत 10-12 मिमीचा फरक. असं बिलेट रोलिंगमध्ये पीळ खातं, आणि आत तडा असेल तर माल परत येतो.

अशा वेळी पहिला संशय मोल्डवर, म्हणजे साच्यावर जातो, आणि ते रास्तच आहे. तांब्याच्या त्या नळीत पोलाद जेमतेम अर्धा मिनिट असतं. बाहेर पडताना त्याचं कवच बोटाएवढं जाड, आत सगळा रस. नळीचा टेपर (आतला निमुळतेपणा) झिजला असेल किंवा टंडिशमधून (मोल्डच्या वरच्या पोलादाच्या भांड्यातून) येणारी धार मधोमध पडत नसेल, तर कवच एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ धरतं. म्हणून आम्ही नळी बदलली, धार मधोमध आणली, सुपरहीट, म्हणजे पोलाद गोठू लागतं त्याहून वरचं तापमान, 25-30 अंशांत ठेवली. तिरकेपणा कमी झाला, पण गेला नाही.

तेव्हा नोंदवहीत मी एक रकाना वाढवला. आधी फक्त कर्णांतला फरक लिहीत होतो; आता लघुकोनी कोपरा कुठला, तेही लिहायला लागलो. ज्या दोन बाजू जास्त थंड होतात, त्यांच्यामधला कोपरा आवळला जातो. दर हीटला (भट्टीच्या प्रत्येक खेपेला) तोच कोपरा. मग या स्ट्रँडची नळी शेजारच्या स्ट्रँडवर नेली आणि तिकडची इकडे आणली. तिरकेपणा जागचा हलला नाही. म्हणजे दोष नळीच्या खाली होता.

मोल्डखाली बिलेटवर पाणी फवारणारा स्प्रे चेंबर सांभाळणारे आमचे मामा हे आधीपासून सांगत होते. "साहेब, मोल्ड सोडा, खालचं पाणी बघा." मशीन बंद असताना आम्ही चेंबर उघडून पाणी सुरू केलं. चांगल्या नोझलमधून पाण्याचा भरीव शंकू पडायला हवा. इथे एक नोझल दोऱ्यासारखी धार सोडत होता, दुसऱ्याचं पाणी तिरकं भिंतीवर जात होतं, आणि तोंडांवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र फ्लो अगदी बरोबर! कारण यंत्रणा एकूण पाणी राखते. तुंबलेल्या नोझलचं पाणी उरलेल्या नोझलमधून जातं, त्यामुळे एक बाजू उपाशी राहते आणि समोरची गारठते. खूण दिसत होती ती हेडरच्या (नोझलना पाणी वाटणाऱ्या पाइपच्या) वाढलेल्या प्रेशरमध्ये, पण त्याला अलार्म नव्हता. या कामात पडद्यावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी मिसळावं लागतं, कूलिंग टॉवरमध्ये बाष्पीभवनाने क्षार आणखी दाटतात, आणि आमच्या स्ट्रेनरची (पाणी गाळणाऱ्या गाळणीची) जाळीही फाटलेली निघाली. जाळी बदलली, ब्लोडाउन (दाट झालेलं पाणी काढून टाकणं) वाढवलं. आता प्रत्येक सीक्वेन्सनंतर (सलग ओतकामाच्या फेरीनंतर) नोझल तपासतो. प्रेशर वाढलं तर अलार्म वाजतो.

त्यासाठी मशीन थांबवायला उत्पादन विभाग सुरुवातीला तयार नव्हता. मी बिलेटचा एक काप गरम हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून काढला आणि टेबलावर ठेवला. विशालकोनी कोपऱ्याजवळची बारीक काळी तड साध्या डोळ्यांना दिसत होती. त्यानंतर वेळ मिळाला. आता कर्णांतला फरक बहुधा 4-5 मिमीच्या आत राहतो, आणि त्या स्ट्रँडवर कोपऱ्यातून होणारे ब्रेकआउटही (कवच फुटून रस बाहेर येणं) थांबले आहेत.

सध्या माझ्यासमोर सल्फरवाली ग्रेड आहे. मशीनिंग सोपं व्हावं म्हणून क्रँकशाफ्टच्या पोलादात मुद्दाम गंधक ठेवतात. अ‍ॅल्युमिनाने (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडने) टंडिशचा नोझल तुंबू नये म्हणून कॅल्शियमची वायर घालावी, तर गंधकाशी जुळून कॅल्शियम सल्फाइड होतं आणि तेच टंडिश नोझलमध्ये बसतं. त्यामुळे आधी गंधक खाली आणून कॅल्शियम द्यायचं आणि गंधकाची वायर अगदी शेवटी सोडायची, हा क्रम आम्ही बसवतो आहोत. दर हीटला स्टॉपर रॉड (टंडिशमधली धार कमी-जास्त करणारा दांडा) किती उचलावा लागला, त्याचाही रकाना वहीत सुरू केला आहे.