आजी विचारते, पडदा कुठे बांधलाय?

मागच्या डिसेंबरात आमच्या कल्याणात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ड्रोन शो होता. मैदानात जाऊन चेंगरून घेण्यापेक्षा आम्ही सगळे गच्चीवर बसलो, चटई, थर्मास, आजीची प्लास्टिकची खुर्ची असा सगळा जामानिमा. आठची वेळ सांगितली होती, पावणेनऊला एकदाचे खालून हिरवे ठिपके उठले, आणि काय सांगू, क्षणभर गच्चीवर कोणी बोलेचना. मग किल्ला झाला, त्यातून घोडा झाला आणि घोड्याचं भलतंच काहीतरी झालं. आणि आजी शांतपणे म्हणाली, "अगं, पण पडदा कुठे बांधलाय?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण नंतर फॅमिली ग्रुपवर बघते तर अर्ध्या लोकांना तेच वाटत होतं, की कुठेतरी मोठा प्रोजेक्टर लावलाय आणि तो आकाशात चित्र मारतोय. आणि आजीचा प्रश्न तर एकदम मुद्द्याचा होता, कारण नुसत्या हवेवर चित्र पडतच नाही! उजेड सरळ जात राहतो, वाटेत काही लागलं तरच त्यातला थोडा आपल्या डोळ्यांकडे वळतो. जुन्या थिएटरात तो निळसर झोत दिसायचा ना, तो धुळीमुळे (आणि बिड्यांच्या धुरामुळे). म्हणून हवेत चित्र पाडायचं तर आधी हवेत काहीतरी टांगायला लागतं, मग ते धुकं असो, पाण्याचा फवारा असो, नाहीतर जाळी. दिल्लीला इंडिया गेटजवळ जानेवारी २०२२ मध्ये नेताजींचा २८ फुटी 'हॉलोग्राम' पुतळा, म्हणजे हवेत उभा असल्यासारखा दिसणारा, केला होता आठवतंय? तिथेही पडदा होताच, ९० टक्के पारदर्शक, म्हणून दिसत नव्हता इतकंच, आणि त्यावर ३०,००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर.

हे मला इतकं पाठ का, तर आमच्या ड्रोन शोच्या आधीच्या गणपतीत आमच्या मंडळाला "हॉलोग्राम बाप्पा" पाहिजे होता आणि कॉम्प्युटरवाली म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मामेभावाचा ३,००० लुमेनचा प्रोजेक्टर आणला, आईची पांढरी मच्छरदाणी गच्चीवर दोन बांबूंना ताणून बांधली, आणि काळ्या बॅकग्राउंडवरचा बाप्पा लावला. बॅकग्राउंड काळंच लागतं बरं का, कारण काळा म्हणजे प्रोजेक्टरच्या भाषेत उजेडच नाही, मग जाळीची चौकट दिसत नाही आणि नुसती मूर्ती अधांतरी उभी राहते. पहिली दहा मिनिटं खरंच काटा आला अंगावर. मग वारा सुटला आणि बाप्पा पोटातून हलायला लागले. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधले काका खिडकीतून ओरडले की आमच्या भिंतीवर गणपती आलाय! जाळीच्या भोकांतून अर्ध्याहून जास्त उजेड पार होत होता ना, तो थेट त्यांच्या पाण्याच्या पाइपांवर, आणि जाळीवरच्यापेक्षा तोच जास्त ठसठशीत.

तर ड्रोनवाल्यांनी काय केलं, पडद्याची भानगडच काढून टाकली. चित्र पाडायचंच नाही, चित्राचा एकेक ठिपकाच वर पाठवायचा. प्रत्येक ड्रोनच्या पोटाशी रंग बदलणारा एलईडी, बस्स. आणि खाली कोणी हजार रिमोट घेऊन बसलेलं नसतं, प्रत्येक ड्रोनला आपला रस्ता आधीच भरून दिलेला असतो, कितव्या सेकंदाला कुठे आणि कुठला रंग, मग सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू. साधं जीपीएस दोनचार मीटर इकडेतिकडे चुकतं, तेवढ्यात ड्रोन एकमेकांवर आदळतील, म्हणून जमिनीवर एक ठिकाण पक्कं मोजलेलं स्टेशन ठेवतात आणि त्याच्या हिशोबाने चूक सुधारत सेंटीमीटरवर आणतात, आरटीके म्हणतात त्याला. २०१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला ४९ ड्रोन उडवले तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं, २०२४ मध्ये चीनमधल्या शेन्झेनला एकाच वेळी १०,१९७ वर गेले.

पण हजार ड्रोन म्हणजे ठिपके किती, हजारच. चौकोनात बसवले तर साधारण बत्तीस बाय बत्तीस. तुमच्या फोनवरच्या इमोजीतसुद्धा याहून जास्त असतात. म्हणून तर किल्ला, घोडा, नकाशा असलीच रेघांची चित्रं काढतात, आणि माणसाचा चेहरा काढायला गेले की बऱ्याचदा कोण ते खालच्या नावावरूनच कळतं. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीटला (प्रजासत्ताक दिनानंतरचा तो लष्करी बँडचा सोहळा) आयआयटी दिल्लीतून निघालेल्या बॉटलॅब डायनॅमिक्सने हजार ड्रोन उडवले, आणि त्याच संध्याकाळी नॉर्थ आणि साउथ ब्लॉक या सरकारी इमारतींच्या भिंतींवर प्रोजेक्शनही होतं. मला ती जोडी फार आवडली. बारीक काम भिंतीवर, मोठी रेघ आकाशात.

दोन्ही एकत्र का करत नाहीत, म्हणजे ड्रोननेच पडदा धरायचा? डिस्नेने २०१४ च्या सुमारास तसलं पेटंट मागितलं होतं, ड्रोन पडदे उचलून धरणार आणि खालून प्रोजेक्शन. आयडिया भारी आहे, पण मी मच्छरदाणी धरलेली बाई आहे, मला वाऱ्याबद्दल विचारा. पडदा म्हणजे शीड. नुसत्या ड्रोनचीच वारा दैना करतो, मेलबर्नला २०२३ मध्ये पाचशेपैकी चारशेहून जास्त पाण्यात गेले होते.

हां, आणि आमच्या गच्चीवरच्या शोचं राहिलंच. शेवटी अक्षरं आली आणि कोणालाच वाचता येईनात. "वाढदिवसाच्या" होतं बहुतेक, पण सगळं आरशातल्यासारखं उलटं. ठिपके दोन्हीकडून दिसतात, पण चित्र बेतलेलं असतं स्टेजसमोरच्या खुर्च्यांसाठी, आणि आम्ही पडलो मागच्या बाजूला. भाचा मोबाइलचा सेल्फी मोड लावून वाचायचा प्रयत्न करत होता.

आजी म्हणाली, "आपल्या पटवर्धनांचं तरी सरळ दिसायचं." म्हणजे तिने काही ते पाहिलेलं नाही हां, नुसतं ऐकलेलं. इथल्याच महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली होती, काचांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, मागे दिवा आणि समोर पडद्यावर हलणारी पात्रं. सिनेमा यायच्या आधीची गोष्ट ही. मी आजीला म्हटलं अगं ते पडद्यावर होतं, तर ती म्हणे, "मग मी तेच तर विचारतेय मघापासून."

यंदा मंडळाने परत विचारलंय. या वेळी जाळी खालूनही ताणून बांधायची आणि मागे काळं कापड सोडायचं ठरवलंय, काकांच्या भिंतीवर बाप्पा जायला नकोत. आईने मच्छरदाणी द्यायला साफ नकार दिलाय, मागच्या वर्षीची बांबूची भोकं तिने अजून शिवलेली नाहीत.