पाठचं भावंड आणि क्वाशिओरकोर

क्वाशिओरकोर हा शब्द शाळेत पाठ केला होता, प्रोटीन कमी पडलं की लहान मुलांना होणारा कुपोषणाचा आजार, एका मार्काचा प्रश्न, संपलं. तो शब्द आला कुठून हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नाही आणि परवा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. घानामधल्या गा लोकांच्या भाषेतला शब्द आहे तो, आणि अर्थ साधारण असा की पाठचं भावंड झालं की आधीच्या लेकराला जो आजार होतो तो. म्हणजे अख्खं निदान त्या एका शब्दात आहे! नवं बाळ आलं, मोठ्याचं अंगावरचं दूध तुटलं, मग त्याला नुसती मक्याची पेज, आणि हळूहळू पाय सुजतात, केस तांबूस होतात, कातडी सोलवटते.

हा शब्द डॉक्टरांच्या जगात आणला सिसिली विल्यम्स यांनी. जन्म 1893, जमैका. ऑक्सफर्डला डॉक्टरकी शिकून 1929 मध्ये त्या तेव्हाच्या गोल्ड कोस्टला गेल्या, म्हणजे आताचं घाना. अशी मुलं दवाखान्यात येत होती आणि मरत होती. मोठमोठे डॉक्टर म्हणत होते हा पेलाग्राच आहे, म्हणजे एका जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा आजार, यांना ते पटेना. 1933 मध्ये त्यांनी पहिल्यांदा या आजारावर लिहिलं आणि 1935 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात लिहिताना आयांच्या तोंडचं तेच नाव वापरलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण स्वतःचं नाव देता आलं असतं, एखादं लॅटिन नाव काढता आलं असतं, पण ज्या बायका त्या मुलांना कडेवर घेऊन येत होत्या त्यांना काय झालंय ते आधीच माहीत होतं आणि या बाईंनी ते ऐकलं.

पुढे त्या मलायात, म्हणजे आताच्या मलेशिया-सिंगापूरकडे गेल्या. तिथे कंपन्या साखर घातलेलं कंडेन्स्ड मिल्क बाळांसाठी म्हणून खपवत होत्या, त्यावर 1939 मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केलं, भाषणाचं नावच 'दूध आणि खून' अशा अर्थाचं. मग युद्ध आलं, जपान्यांच्या कैदेत तीनेक वर्षं गेली, सिंगापूरच्या चांगी तुरुंगातसुद्धा. तिथे वीस बाळं जन्मली, वीसही आईच्या दुधावर राहिली आणि वीसही जगली, असं त्या नंतर सांगायच्या.

पुढे कुपोषणावरचं मोठं काम जमैकातच झालं. 1956 मध्ये किंग्स्टनजवळ मोनाच्या विद्यापीठात यासाठी खास संशोधन केंद्र निघालं, काढलं जॉन वॉटरलो या ब्रिटिश डॉक्टरांनी, पण तिथे काम करणाऱ्यांत बार्बाडोसचे जॉर्ज अ‍ॅलेन होते जे पुढे त्याच विद्यापीठाचे कुलपती झाले.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, हे वाचता वाचता मग तिथल्या बाकीच्या बेटांवर पोचले. क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिन्ले. पीतज्वर (यलो फिव्हर) डास पसरवतो हे त्यांनी 14 ऑगस्ट 1881 ला हवानाच्या अकादमीत मांडलं, कुठला डास तेही सांगितलं, तोच जो आज आपल्याला डेंग्यूमुळे माहीत आहे, एडिस इजिप्ती. बोलताना ते अडखळायचे आणि लोकांनी त्यांची टिंगल केली. तरी वीसेक वर्षं माणूस थांबला नाही. काचेच्या नळीत डास धरायचा, नळीचं तोंड रुग्णाच्या हाताला लावायचं, डास रक्त प्यायला की काही दिवसांनी तीच नळी निरोगी माणसाच्या हातावर. अडचण एकच झाली, ते मधे दोन-चार-सहा दिवसच जाऊ देत होते आणि डासाच्या शरीरात तो रोग तयार व्हायला बाराएक दिवस लागतात. त्यामुळे प्रयोग पटण्यासारखे निघालेच नाहीत. 1900 मध्ये वॉल्टर रीड यांचं अमेरिकन पथक हवानात आलं तेव्हा फिन्लेंनी त्यांना स्वतः सांभाळलेली डासांची अंडी दिली. त्याच अंड्यांतून निघालेल्या डासांवर पुढचे प्रयोग झाले, जेसी लझीर नावाचे त्या पथकातले डॉक्टर पीतज्वराने वारले, आणि शेवटी सिद्ध झालं. बरीच वर्षं नाव मात्र रीड यांचंच घेतलं गेलं, याचा मला वाचताना रागच आला. ज्याने अंडी दिली त्याचं नाव आधी यायला हवं.

त्रिनिदादचे डॉक्टर जोसेफ लेनॉक्स पवन यांच्याबद्दल तर मी काहीच ऐकलं नव्हतं. तिथे जनावरं आणि मग माणसं लुळी पडून मरत होती, पोलिओ असेल असं वाटत होतं, आणि कुत्रा कोणालाच चावलेला नव्हता. पवन यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की हा रेबीजच आहे आणि तो रक्त पिणाऱ्या वटवाघळांकडून येतोय.

आणि गायींची नवी जात तयार करणारे थॉमस लेकी, माझे सगळ्यात आवडते. जमैकाच्या पोर्टलंड भागातल्या खेड्यातले. युरोपातल्या गायी बेटावर आणल्या की उन्हाने आणि गोचिडांनी बेजार व्हायच्या, दूध कमी द्यायच्या, आणि डोंगरातल्या लहान शेतकऱ्याला त्या परवडायच्याही नाहीत. लेकी वर्षानुवर्षं एकेका गायीच्या दुधाच्या नोंदी ठेवत गेले, कुठली कोणापासून झाली, किती दिलं. जर्सी घेतली, थोडी होल्स्टिन, आणि ऊन सोसावं म्हणून साहिवाल, हो, आपली पंजाबची साहिवाल! 1952 मध्ये जी जात मान्य झाली तिचं नाव जमैका होप, होप नावाच्या सरकारी फार्मवरून. मी तिचे फोटो शोधून पाहिले, अंगाने जर्सीसारखीच फिकट तपकिरी दिसते.