कंस

१४ जुलै, सोमवार

आज पुन्हा उठून गेलो. सातच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. जुनी स्प्लेंडर, सायलेन्सर थोडा फुटलेला. मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि फाटकाची कडी काढली. गाडी पुढं निघून गेली. आतून हिनं विचारलं, "कोण आहे?" मी म्हणालो, "कुणी नाही." १६ वर्षांत हे बोलणं आमच्यात किती वेळा झालं, त्याची नोंदवही ठेवलेली नाही.

मुलगा २००९ ला गेला. एस.वाय.ला होता, १९ वर्षांचा. हायवेवर. त्यापुढचं आजही लिहीत नाही.

तो नाही हे कडी काढताना मला माहीत नसतं असं नाही. मला माहीत असतं, पायांना नसतं. हे एकदा भाचीजवळ बोलून गेलो. ती पुण्यात मानसोपचाराचं शिक्षण घेते. वाटलं, गोळी लिहून देईल. तिनं उंदरांची गोष्ट सांगितली.

नॉर्वेत ट्रॉनहाइम म्हणून शहर आहे. तिथं मोझर जोडीची प्रयोगशाळा, तेव्हा ती दोघं नवराबायको होती. २०१४ चं नोबेल त्यांना मिळालं, मेंदू जागेचा नकाशा कसा ठेवतो या कामासाठी. त्यांच्याकडं उंदराला एका पेटीत सोडत, पेटीत एका जागी एखादी वस्तू ठेवत आणि नंतर ती काढून घेत. २०१३ साली त्यांनी छापलं की उंदराच्या मेंदूत काही पेशी अशा आहेत, ज्या वस्तू काढून घेतल्यावरही, उंदीर त्या रिकाम्या जागेशी आला की पेटतात. दिवस उलटले तरी पेटतात. वस्तू इथं होती, एवढंच त्या सांगत असतात.

"मामा, नकाशा एका दिवसात दुरुस्त होत नाही," भाची म्हणाली.

हे तिनं मला सांगावं! तीस वर्षं तलाठी म्हणून काढली. माणूस मेला म्हणून सातबारावरचं नाव आपोआप जात नाही. कुणीतरी वर्दी द्यावी लागते. सहा-क च्या वहीत वारसांची नोंद, मग फेरफार, नोटिसा, पंधरा दिवस हरकतीची वाट, आणि मग सर्कल, म्हणजे आमचा वरचा अधिकारी, नोंद मंजूर करणार. तोवर मेलेला माणूस कागदावर शेत कसत असतो. आणि मंजूर झाली तरी आमच्या वेळी नाव खोडायचे नाहीत. त्याला कंस करायचे. कंसातलं नाव अगदी स्वच्छ वाचता येतं.

माझ्या आत कुणीतरी हरकत घेतली आहे, आणि तिची सुनावणी लागत नाही.

पहिली दोन वर्षं मला नीट आठवतच नाहीत. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी चावडीत हजर झालो, लोकांनी कौतुक केलं. पण गट नंबर २१४ च्या जागी २४१ लिहिलेला, पीकपाहणीला गेलो तर कुणाच्या बांधावर उभा आहे ते कळेना. सर्कल भला माणूस, सांभाळून घेतलं. मी म्हातारा झालो असं मला वाटायचं. वय होतं पन्नास. भाची म्हणते, झोप मोडलेली, ताणाचं कॉर्टिसॉल चढलेलं, आणि आठवणी लावून ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला ते फार दिवस सोसत नाही. वर त्या नकाशाचं काम आत अहोरात्र चालू. बाकीच्याला डोकं पुरायचं कुठून?

तिनं पाठवलेले कागद मी डिक्शनरी घेऊन वाचतो. त्यातला डेन्मार्कचा मला सगळ्यात आवडला, कारण ती माणसं माझ्या जातीची: दफ्तर जपणारी. तिथं प्रत्येकाला एक नंबर, आणि जन्म, मृत्यू, दवाखाना सगळं त्या नंबराला बांधलेलं. १९७० ते १९९९ च्या नोंदी काढून २००५ साली त्यांनी दाखवलं की मूल गेलेल्या आईबापांना मानसिक आजारानं दवाखान्यात दाखल व्हायची पाळी इतर आईबापांपेक्षा ६७ टक्के जास्त येते. आयांमध्ये ७८, बापांमध्ये ३८. पहिलं वर्ष सर्वांत वाईट, पण आयांचा आकडा पाच वर्षांनंतरही इतरांपेक्षा जास्तच राहतो. त्याआधी २००३ साली २१ हजारांवर आईबापांचं पाहिलं होतं. त्यात आयांचे आजारानं होणारे मृत्यू वाढलेले दिसले ते दहाव्या ते अठराव्या वर्षात. दहाव्या! मांडवातली माणसं केव्हाच घरी गेलेली असतात.

बापांच्या आकड्यावर मात्र माझा विश्वास नाही. मी दवाखान्यात गेलोच नाही, तर नोंद कशाची होणार? हिनं निदान अंथरूण धरलं, बहिणींपाशी रडली, त्याच्या वाढदिवसाला अजून शिरा करते. मी मोजण्या केल्या.

पण आईचं पारडं जड, हे कायद्यालाही माहीत आहे. आमच्या वडिलांनी मृत्युपत्रानं नातवाच्या नावावर वीस गुंठे केले होते. तो गेल्यावर वारस नोंद करायची आली. १९५६ चा हिंदू वारसा कायदा मला पाठ होता, शेकडो लोकांना मी तो समजावला होता: अविवाहित मुलगा मेला तर आई पहिल्या वर्गाची वारस, बाप दुसऱ्या वर्गाचा. आई हयात असेल तर बापाला काही नाही. गावच्या तलाठ्यानं, माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं, मान खाली घालून हिचं नाव लिहिलं. बापाच्या जागी पोराचं नाव लागतं, हीच वहिवाट आम्ही जन्मभर पाहिलेली. पोराच्या जागी आईचं नाव लागलेलं पाहून मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो.

काळ हे औषध, असं सांगणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, पण त्यांना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा कागद दाखवावासा वाटतो. तिथल्या आईबापांना मूल गेल्यानंतर सरासरी १८ वर्षांनी विचारलं, तरी उदासी आणि तब्येतीच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्तच. आणि कोण किती सावरलं याचा, मधे किती वर्षं गेली त्याच्याशी संबंध लागला नाही. घरात दुसरी मुलं असणं, जगायला काही कारण असणं, याच्याशी लागला. आमची थोरली आहे. तिच्या बाळंतपणात ही पुन्हा उभी राहिली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

अमेरिकी डॉक्टरांनी २०२२ साली लांबलेल्या शोकाला आजार म्हणून नाव दिलं, मुदत एक वर्ष. वर्षश्राद्धाचा हिशोब त्यांनाही सुटला नाही म्हणायचा! भाचीनं मला दटावलं. वर्षानंतर आठवण येणं म्हणजे आजार नव्हे, म्हणाली. रोज त्याच तीव्रतेनं येऊन जगणंच अडलं, तर. मेरी-फ्रान्सिस ओकॉनर नावाच्या बाईंनी आई किंवा बहीण कॅन्सरनं गेलेल्या २३ बायकांचे मेंदू तपासले होते, २००८ मध्ये. ज्यांचा शोक अडकून पडला होता, त्यांना गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला की मेंदूतली ओढ लागण्याची जागा जागी व्हायची. नुसतं दुःख नाही, अजून येईल अशी आस. त्यात मूल गेलेलं कुणी नव्हतं, पण मला फाटकाची कडी आठवली.

शेवटचा कागद भाचीनं गेल्या महिन्यात पाठवला. २०१२ साली अमेरिकेत ५९ मृत बायकांचे मेंदू तपासले, त्यातल्या ३७ जणींच्या मेंदूत पुरुषी डीएनए सापडला. सर्वांत म्हातारी ९४ वर्षांची. पोटात असताना मुलाच्या पेशी आईच्या रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि तिथंच राहतात, असा त्यांचा कयास. बऱ्याच जणींना मुलगे झाले होते की नाही याची नोंदच नव्हती, म्हणून मी हे पक्कं धरत नाही. नोंद नाही म्हणजे नाही.

तरी हिला सांगावं की नाही, महिनाभर ठरत नाही. सांगितलं तर ती डोकं दुखताना काय समजेल, याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही आहे. इथंही पहिल्या वर्गात तीच.

साडेदहा वाजले. ही आत्ता फाटकापर्यंत जाऊन आली. मी विचारलं, "कडी घातलीस का?"

"राहू दे," म्हणाली, "सकाळी दूधवाला येईल तेव्हा काढायचीच आहे."